किल्ल्याकडे पाठ करून

ज्या माणसाने अडतीस वर्षं एका बागेची निगा राखली, त्याला ती बाग तिकीट काढून दाखवायला न्यायची, हेच मुळात हसण्यासारखं होतं. खिडकीतली मुलगी मला म्हणाली, "आजोबांना नकाशा देऊ का? महत्त्वाच्या झाडांवर खुणा केल्यात." मी म्हटलं, "त्या सगळ्या झाडांना याच आजोबांनी पाणी घातलंय." ती "हो का?" म्हणाली आणि नकाशा बाबांच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली.

बाबा चाकांच्या खुर्चीत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला, "हो". जेवणार का? हो. पोट भरलं का? हो. दुखतंय का? हो. आता बरं वाटतंय ना? हो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की त्यांना सगळं कळतं, फक्त सांगायला गेले की तोंडात तेवढा एकच शब्द येतो. मला सुरुवातीला याचा इतका राग यायचा की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. मग हळूहळू त्यांचे डोळे आणि डावा हात वाचायला शिकले. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि घरी येऊन बाबांना वाचायचं, असं माझं चाललं होतं.

रविवार होता, ऊन चांगलं होतं. किल्ल्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली, कारण बाबा कायम तिथूनच सुरुवात करायचे. किल्ला म्हणजे आता एक बुरूज, एक बंद दरवाजा आणि कोरडा खंदक. पण त्याच्यापुढची बाग दोनशे वर्षांपूर्वी ज्या कुणी आखली, त्याने हौसेने आखली होती. आधी कातरलेल्या झुडपांच्या रांगा, मग मॅग्नोलिया, मग तळं, तळ्याच्या काठाने रोडोडेंड्रॉनची डोक्याएवढ्या उंचीची झुडपं. प्रत्येक मोठ्या झाडाच्या खोडावर तळहाताएवढी पत्र्याची पाटी आणि पाटीवर नंबर. बाबा प्रत्येक झाडापाशी डावा हात वर करायचे, मी खुर्ची थांबवायची, ते बघायचे, मग हात खाली. मॅग्नोलियाची एक फांदी चुकीच्या जागी कापलेली दिसली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. मला बरं वाटलं. नाक मुरडण्याइतका माणूस शिल्लक होता.

मधल्या मोठ्या वाटेच्या टोकाला जुळे देवदार आहेत. वाटेच्या दोन बाजूंना दोन, जणू दारातले पहारेकरी. एकाचा शेंडा फार पूर्वी वीज पडून गेलेला, त्यामुळे तो बोडका आणि जरा वेडावाकडा. दुसरा भरगच्च, हिरवागार. लोक त्या दुसऱ्याखाली उभे राहून फोटो काढतात.

बोडक्या देवदाराच्या बुंध्याला लाल रंगाचा पट्टा मारलेला होता. खाली छापील कागद अडकवला होता: झाड क्रमांक एक्केचाळीस, आतून पोकळ, धोकादायक, बुधवारी काढण्यात येईल.

बाबांनी खुर्चीचा दांडा धरला आणि "हो, हो, हो" असं ओरडायला लागले. फोटो काढणारे लोक वळून बघायला लागले. मी खाली वाकून म्हटलं, "बाबा, म्हातारं झालंय झाड, पोकळ झालंय, काय करणार?" त्यांनी डाव्या हाताने माझ्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात, आणि समोरच्या हिरव्या देवदाराकडे बोट दाखवलं. मग या झाडाकडे. मग परत त्या झाडाकडे.

तेव्हा मला आठवलं.

दर हिवाळ्यात बाबा सगळ्या पाट्या उतरवायचे. खोड वाढतं, स्क्रू आवळले जातात, म्हणून ते सैल करायचे. पाट्या घासायच्या, अक्षरांत पांढरा रंग भरायचा आणि परत लावायच्या. शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे शिडी चढण्याजोगे राहिले नव्हते. कार्यालयात सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा माणूस दिला असता, पण दुसऱ्या माणसाच्या हातात आपल्या पाट्या द्यायच्या म्हणजे बाबांना स्वतःचे दात उसने दिल्यासारखं वाटत होतं. म्हणून मी सुट्टी काढून गेले. ते खाली स्टुलावर बसून सांगायचे, मी शिडीवर चढून लावायचे.

त्या बागेची एक रीत होती. डावं-उजवं मोजायचं ते किल्ल्याकडे पाठ करून. किल्ल्याचा मालक पायऱ्यांवर उभा राहून बाग बघायचा, त्याची डावी ती बागेची डावी. तो मालक मरून दीडशे वर्षं झाली तरी माळी त्याच्याच डोळ्यांनी डावं-उजवं बघत होते. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी संध्याकाळ झाली होती, बोटं गारठली होती, आणि मी शेवटची पाट्यांची जोडी घेऊन किल्ल्याकडे तोंड करून उभी होते. बाबा म्हणाले, "एक्केचाळीस डावीकडे." मी माझ्या डावीकडे लावली. उजवीकडे बेचाळीस लावली. लोकांना डावा डोळा झाका, उजवा झाका सांगून पगार घेणारी बाई मी.

बाबांच्या लगेच लक्षात आलं. "अगं, उलटं झालं." मी शिडी मिटत म्हटलं, "उद्या बदलू. पळून जाणारेत का झाडं?" माझ्या जिभेला हाड नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी कार्यालयात जाऊन रजिस्टरात लिहिलं: सर्व पाट्या लावल्या, तपासल्या. खाली सही केली. अडतीस वर्षांत त्यांनी न तपासलेलं कधी तपासलं म्हणून लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं, कारण मला घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते पडले. मग दवाखाना, मग व्यायाम, मग खुर्ची. दोन वर्षांत मला त्या पाट्यांची एकदाही आठवण झाली नाही, हे मी देवाशपथ सांगते.

पोकळ होता तो हिरवा. बोडका आतून धडधाकट होता. बाबा दरवर्षी दोघांच्या बुंध्यांवर लाकडी मोगरीने ठोकून कान लावायचे, आणि म्हणायचे, हा हिरवा नुसता नटवा आहे, खरा गडी तो बोडका. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे त्यांचं आवडतं वाक्य ते याच दोन झाडांवर सांगायचे.

सोमवारी मी दुकानात कळवून बागेच्या कार्यालयात गेले. अधीक्षक नवीन होते, बाबांच्या नंतर आलेले, वयाने माझ्याएवढे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी अहवाल काढला. एका मोठ्या शहरातल्या संस्थेने यंत्र लावून तपासणी केली होती. क्रमांक एक्केचाळीस: गाभा सत्तर टक्के कुजलेला. क्रमांक बेचाळीस: निरोगी. माझ्या उलट्या पाट्या वाचून तपासणी झाली असती, तर एक्केचाळीस निरोगी निघायला हवा होता. मी विचारलं, "तपासणी झाली तेव्हा पाट्या होत्या का झाडांवर?"

"नव्हत्या," ते म्हणाले. "तपासणी दोन वर्षांपूर्वीच्या त्याच हिवाळ्यात झाली. पाट्या घासायला उतरवल्या होत्या. तुमच्या वडिलांनीच त्यांना झाडं दाखवली आणि नंबर सांगितले. इथे लिहिलंय. अहवाल मंजूर होऊन यायला दोन वर्षं गेली."

म्हणजे बाबांनी बरोबर सांगितलं होतं. एक्केचाळीस म्हणजे हिरवा, पोकळ. मग मी एक्केचाळीसची पाटी नेऊन बोडक्याला लावली. आणि रंगवाल्याने पाटी बघून पट्टा मारला.

"साहेब, पाट्या उलट्या आहेत," मी म्हटलं. "मी लावल्या. माझ्या हाताने."

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. "ही सही कुणाची?"

"बाबांची."

"सर्व पाट्या लावल्या, तपासल्या. असंच लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण शिडीवर मी होते."

"तुम्ही इथे नोकरीला होता?"

"नाही."

"मग ताई, तुम्ही शिडीवर चढलाच नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "मी हे तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. माझ्या कागदांत तुम्ही कुठेच नाही."

मी जुना नकाशा मागितला. नकाशावर दोन्ही देवदारांना मिळून एकच ठिपका होता, जुळे देवदार, एक्केचाळीस-बेचाळीस. मी म्हटलं, परत तपासणी करा. ते म्हणाले, संस्थेची तारीख मिळायला चार महिने लागतात. मी म्हटलं, मग चार महिने थांबा. तेव्हा त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली आणि सांगितलं की गेल्या वर्षी तळ्याजवळच्या एका झाडाची फांदी बाकावर पडून एका बाईचा खांदा मोडला होता. त्या फांदीचा कागद त्यांच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. "धोकादायक असं लिहिलेलं झाड मी परत उभं ठेवणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो. पण माझ्या जागी तुम्ही या."

शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं की मंगळवारी दुपारी ते स्वतः झाडापाशी येतील, आणि मी बाबांना आणावं.

मंगळवारी बाबांनी स्वतःहून चांगला सदरा मागितला, म्हणजे कपाटाकडे हात केला. मी त्यांची दाढी केली. खुर्ची ढकलताना मी त्यांना दहा वेळा समजावलं, "बाबा, साहेब विचारतील. चुकीचं असेल तर हात हलवायचा. कळलं?" बाबा म्हणाले, "हो." मला स्वतःचंच हसू आलं, आणि मग रडूही.

झाडापाशी अधीक्षक होते आणि झाडं तोडणाऱ्यांचा मुकादम होता, दुसऱ्या दिवशीसाठी जागा बघायला आलेला. अधीक्षक बाबांच्या समोर उकिडवे बसले. मला ते आवडलं. बरेच लोक खुर्चीतल्या माणसाशी माझ्या तोंडाकडे बघून बोलतात.

"काका, या पाट्या उलट्या लागल्यात का?"

"हो," बाबा म्हणाले.

मी श्वास सोडला. अधीक्षकांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "की पाट्या बरोबर आहेत?"

"हो," बाबा म्हणाले.

"बाबा, हात!" मी ओरडले. बाबांनी हात उचलला. हिरव्याकडे केला, बोडक्याकडे केला, हिरव्याकडे केला. बोटं गोल फिरवली, अदलाबदल, अदलाबदल. मला ते स्वच्छ दिसत होतं, दगडावर कोरल्यासारखं. अधीक्षक म्हणाले, "दोन्ही झाडं वाचवा म्हणतायत बिचारे." आणि बाबांच्या गुडघ्यावर थोपटलं. बाबांच्या कपाळावरची शीर टम्म फुगली. तोंड उघडलं, ओठ थरथरले, सगळा जोर लावून त्यांनी काहीतरी बाहेर ढकललं, आणि बाहेर आलं, "हो."

मी पिशवीतून मोगरी काढली. घरून आणली होती, बाबांचीच. बोडक्यावर ठोकलं, हिरव्यावर ठोकलं. बोडका ठणठणीत वाजला, हिरवा ढबढब. "ऐका की!" मी म्हटलं. अधीक्षकांनी दोन्हीकडे कान लावला, खरंच मन लावून लावला. "मला सारखेच वाटतात, ताई." वाऱ्याने फांद्यांचा आवाज येत होता, साल चार बोटं जाड होती, आणि त्यांचं सगळं आयुष्य कागदांत गेलेलं. मी मुकादमाकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्हाला ऐकू आला ना फरक?"

मुकादमाने हिरव्याकडे एकदा पाहिलं. त्याला ऐकू आला होता. ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. "मला नंबर दिलाय," तो म्हणाला. "मी नंबर कापतो. झाड ठरवायला गेलो तर उद्यापासून मला कोण काम देईल?"

त्या माणसांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी मी बोलले. मी साहेबांना आंधळा म्हटलं, मुकादमाला भेकड म्हटलं, त्या मोठ्या शहरातल्या संस्थेला उंटावरून शेळ्या हाकणारे म्हटलं. मी जितकी ओरडत गेले तितके ते माझ्याशी नरम आवाजात बोलत गेले. नरम आवाजात बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. शेवटी अधीक्षक म्हणाले, "काकांना घरी न्या. त्यांना त्रास होतोय." आणि खरंच होत होता, बाबांचा सदरा घामाने भिजला होता.

त्या संध्याकाळी मी पालिकेत फोन केला, वर्तमानपत्रात फोन केला. एकाने अर्ज करा म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, झाडाखाली कुणी मेलं आहे का? स्वतः जाऊन पाट्या बदलाव्यात असंही मनात आलं. पण आता पाट्यांनी काय होणार होतं? लाल पट्टा तर खोडावर होता.

बुधवारी मी बाबांना न्यायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी उठून बघते तर ते कालचाच सदरा छातीशी धरून बसलेले. मी म्हटलं, "नाही बघवणार तुम्हाला." त्यांनी सदरा माझ्याकडे धरला. धरूनच राहिले.

दोरी बांधून वाट बंद केली होती. आम्ही दोरीच्या अलीकडे थांबलो. क्रेन आली होती. आधी फांद्या उतरल्या, एकेक करून, मग खोडाचे वरून तुकडे. मुकादमाची माणसं काम चोख करत होती, कुठे घाई नाही, आरडाओरडा नाही. पहिलाच तुकडा खाली आला तेव्हा मी त्याचा मधला भाग बघायला मान उंचावली. भरीव होता. दुसरा भरीव. मी दोरीखालून आत शिरले तर एकाने मला हाताला धरून बाहेर आणलं, "ताई, डोक्यात पडेल." मी ओरडले की भरीव आहे, थांबवा. यंत्राच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. आणि थांबवून तरी काय मिळणार होतं, अर्धं झाड तर जमिनीवर होतं.

दुपारी बुंधा कापला. करवत बंद झाली आणि एकदम फार शांत झालं. सगळीकडे देवदाराचा वास सुटला होता, गोडसर, ओला. मुकादम बुंध्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने हेल्मेट काढलं आणि माणूस पाठवून अधीक्षकांना बोलावून घेतलं.

अधीक्षक आले. काठापासून गाभ्यापर्यंत लालसर, घट्ट, एकसंध लाकूड. कुठे बोट घालायला भोक नव्हतं. त्यांनी तरी बोट फिरवून पाहिलं. मुकादम समोर गेला आणि हिरव्या देवदारावर कुऱ्हाडीचा दांडा मारला. ढब. यावेळी ते सगळ्यांना ऐकू आलं. बैल गेला आणि झोपा केला, असं मी म्हणणार होते, पण अधीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हाही काढावा लागेल," मुकादम म्हणाला. "पोकळ आहे ना. शुक्रवारी येतो."

अधीक्षकांनी फक्त मान हलवली. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकली होती. इथे संन्यासी गेला आणि आता चोरही जाणार होता. दोनशे वर्षं दोघे समोरासमोर उभे होते. माझ्या एका "उद्या बदलू"ने दोघेही गेले.

थोड्या वेळाने अधीक्षक कागद घेऊन आमच्याकडे आले. बाबांसमोर पुन्हा उकिडवे बसले. डोळे लाल होते त्यांचे. "मला वर कळवावं लागेल," ते म्हणाले. "पाट्या कुणी लावल्या ते लिहावं लागेल."

"मी," मी म्हटलं. "माझं नाव लिहा. पूर्ण नाव सांगते, पत्ता सांगते."

"ताई, मी सोमवारीच सांगितलं तुम्हाला."

"मग बाबांचं नाव नाही लिहायचं! त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं उलटं झालंय म्हणून. त्यांनी संस्थेलाही झाडं बरोबर दाखवली होती. चूक माझी आहे, माझी!"

अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काका," त्यांनी विचारलं, "पाट्या कुणी लावल्या होत्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी त्यांचे डोळे वाचायला बसले की मला सगळं कळतं असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि त्या क्षणी मला आधीच कळलं. मी म्हटलं, "बाबा, नाही हं. बाबा, नको."

त्यांनी तोंड उघडलंच नाही. डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. मग बोटांनी दोनदा ठोकलं, शांतपणे, अजिबात न थरथरता.

"ते खोटं सांगतायत," मी म्हटलं. "साहेब, त्यांना बोलता येत नाही, त्यांचं काही खरं धरू नका. तुम्हीही काल धरलं नाहीत ना."

अधीक्षक लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं, अगदी आपुलकीने.

"पुरे आता, ताई," ते म्हणाले. "त्यांनी स्वतःच सांगितलंय."